कास्ट आयर्न बुलेट ३५०: पिस्टन तिरका घासतोय. आधी क्रँक तपासायचा की ब्लॉक?

उजवा_गिअर
इंजिन कास्ट आयर्न बुलेट ३५०, ७० × ९० (बोअर × स्ट्रोक, मिमी). केलेले बदल असे: मूळच्या फ्लोटिंग बुशच्या जागी रोलर बिगएंडचा (क्रँककडच्या टोकाला रोलर असलेला) रॉड, आणि लोखंडी ब्लॉकच्या (सिलिंडरच्या) जागी स्लीव्ह बसवलेला ॲल्युमिनियमचा ब्लॉक. नव्या स्लीव्हचा खालचा गळा जाड आहे, म्हणून क्रँककेसचं तोंड (गळा आत जातो ते भोक) २ मिमीने वाढवलं. त्याच वेळी केसच्या वरच्या फेसवर (ब्लॉक टेकतो त्या सपाटीवर) एक हलका कट मारून घेतला.

३०० किमी रनिंगनंतर ब्लॉक उतरवला. डावीकडे वरच्या रिंगच्या वर चकाकी आहे, उजवीकडे स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) तळाशी चकाकी. पुढे-मागे नेहमीच्या फिक्या रेघा, तिथे वावगं काही नाही. क्रँक बसवणारे म्हणतात ब्लॉक वाकडा बोअर झालाय. टर्नर म्हणतो क्रँक नीट सेंटर केलेला नाही. मोजायला सुरुवात कुठून करू?

मेस्त्री_बोलावा
दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत म्हणजे गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही टोकांना एकेक उभा आहे. पिस्टन तिरका होणारच.

किक_बॅक
आधी क्रँक. फ्लोटिंग बुश काढून रोलर टाकला म्हणजे दोन्ही फ्लायव्हील (क्रँकपिनने जोडलेली क्रँकची दोन जड चाकं) उघडले गेले. उघडलेला क्रँक परत आपोआप सरळ बसत नाही.

लेथवरचा
थांबा, खुणा काय सांगतात ते आधी वाचा. पुढे-मागे ओरखडे असतील तर क्लिअरन्स कमी किंवा तेल कमी. गजनपिनच्या बॉसच्या (पिस्टनमध्ये पिन बसते त्या जाड भागाच्या) आजूबाजूला चार कोपऱ्यांत घासलं असेल तर गार इंजिन लगेच ताणलंय, पिस्टन स्लीव्हच्या आधी फुगला. तुमची खूण या दोन्हींत बसत नाही. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली म्हणजे पिस्टन बोअरमध्ये कललेला आहे. स्लीव्हमध्ये पाहा, बरोबर याच तिरप्या रेषेत होनिंगच्या जाळीदार रेघा पुसल्या गेलेल्या दिसतील.

कलण्याची कारणं चारच. रॉड वाकलेला किंवा पिळलेला, क्रँकपिन मेन शाफ्टला समांतर नाही, क्रँककेसचा फेस मेन बेअरिंगच्या रेषेला समांतर नाही, किंवा ब्लॉकचा बोअर त्याच्या खालच्या फ्लँजला काटकोनात नाही. चौथं सगळ्यात सोपं. ब्लॉकचा खालचा फेस सर्फेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) ठेवा आणि बोअरमध्ये काटकोन उभा करा. गळा खाली येतो, त्यामुळे फ्लँजखाली सारख्या उंचीच्या ग्राइंड केलेल्या दोन पट्ट्या लागतील. पाच मिनिटांत टर्नर सुटतो किंवा अडकतो.

किक_बॅक
म्हणजे क्रँक शेवटी?

लेथवरचा
क्रँक शेवटी असं नाही. जे उघडायला लागत नाही ते आधी.

गार_इंजिन
ब्लॉक बसवताना स्टडवर स्वतःच्या वजनाने खाली उतरला होता का? हाताने दाबून किंवा मोगरीने ठोकून बसवावा लागला असेल तर स्टड तिरके आहेत आणि ब्लॉकला ते आपल्याकडे ओढतात. गळा आणि तोंड यांत थोडी फट हवीच. तोंडाचं काम ब्लॉकला जागेवर आणण्याचं, धरून ठेवण्याचं नाही. आणि टॅपेट कव्हरच्या आतला नट विसरू नका. तो ढिला राहिला तर एका कोपऱ्यात पॅकिंग दबतच नाही.

उजवा_गिअर
@लेथवरचा ब्लॉक तपासला, काटकोनात आहे. १०० मिमी उंचीवर ०.०२ मिमीचा फरक.
@गार_इंजिन ब्लॉक अलगद उतरतो. आतला नट कसलेला होता.

लेथवरचा
मग ब्लॉक सुटला. उरले तीन.

व्ही_ब्लॉक
आता क्रम सांगतो. कुठलंही माप क्रँककेसच्या तोंडापासून किंवा फेसपासून घेऊ नका, कारण त्या दोन्हींवर नुकतंच काम झालंय. या इंजिनमध्ये पाया एकच, मेन बेअरिंगची रेषा. बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं.

क्रँक बाहेर. केसचे दोन्ही भाग नेहमीच्या बोल्टांनी कसा, मध्ये जॉइंटची पेस्ट न लावता. दोन्ही भागांवरचे नंबर जुळतात ना ते आधी बघा. कारखान्यात दोन्ही भाग जोडून मशिन केलेले असतात. नंबर जुळत नसतील तर जोडी दोन वेगळ्या इंजिनांची आहे आणि मग प्रश्न फेसचा राहत नाही, लाइन बोअरिंगचा (दोन्ही बेअरिंगच्या जागा एका रेषेत बोअर करण्याचा) होतो.

तोंडाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला, जिथे जॉइंटची रेघ येते, तिथे सरळपट्टी ठेवून फिलर (फट मोजायचं पातं) घाला. एक भाग दुसऱ्यापेक्षा ०.०५ ने जरी उंच असेल तरी ब्लॉक त्या पायरीवर डुलतो.

मग बेअरिंग काढून त्यांच्या जागी टर्न केलेले बुश बसवा आणि त्यातून ग्राइंड केलेला सरळ बार आरपार घाला. बेअरिंगमधूनच बार घातला तर रोलरमधला ढिलेपणा मापात येतो, म्हणून बुश. बेअरिंग काढायला केस १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडाला पाहिजे. ब्लो लॅम्पच्या ज्योतीने एकाच जागी तापवू नका, ओव्हन बरा.

स्टड काढा, केस उलटी करून फेस सर्फेस प्लेटवर ठेवा. डायल गेज बारच्या माथ्यावरून डावीकडून उजवीकडे न्या. बारच्या २०० मिमी लांबीत ०.०५ च्या आत फरक असेल तर फेस चांगला. दोन्ही टोकांना गेज बारच्या माथ्यावरच आहे ना, हे पुढे-मागे हलवून सर्वांत मोठं रीडिंग घेऊन ठरवा.

दोन_फटके
यझदीवाल्यांसाठीही हेच लागू, फक्त आमच्याकडे भानगड जास्त. ६५ × ७५ चा क्रँक प्रेसचा, नट नाहीत. आणि फेस साफ केला की पोर्ट खाली येतात. एक्झॉस्ट उशिरा उघडतो, गाडी वर ओढत नाही. मग लोक दोन पॅकिंग घालतात.

किक_बॅक
पॅकिंगवरून आठवलं, एका बाजूला अर्धं पॅकिंग जास्त घालून ब्लॉक सरळ करतात काही जण.

लेथवरचा
ते करू नका. कागदाचं पॅकिंग गरम होऊन दबतं, अर्धं वेगळं दबतं, आणि २०० किमीनंतर नट ढिला होऊन तिथूनच तेल येतं.

दोन_फटके
बुलेटमध्ये तेल आलं नाही तर टाकीत संपलं असं समजतात म्हणे.

सातारी_थंपर
दोन स्ट्रोकवाल्यांनी तेलावर बोलू नये, तुम्ही ते पेट्रोलमध्ये जाळता.

व्ही_ब्लॉक
:) चालू द्या. आता रॉड.

गजनपिनच्या मापाचा, पण लांब, १५० ते २०० मिमीचा ग्राइंड केलेला बार स्मॉल एंडमध्ये (रॉडच्या पिस्टनकडच्या टोकात) घाला. हलता कामा नये. क्रँक केसमध्ये बसवून, तोंडावर डावीकडे-उजवीकडे सारख्या उंचीच्या दोन पट्ट्या ठेवा. क्रँक सावकाश फिरवून बार पट्ट्यांवर टेकवायला आणा आणि दोन्हीकडे फिलरने फट मोजा. हे चार जागी करायचं: टीडीसीजवळ (पिस्टनची सर्वांत वरची जागा), बीडीसीजवळ (सर्वांत खालची), रॉड पुढे झुकलेला असताना आणि मागे झुकलेला असताना. त्या त्या उंचीसाठी पट्ट्यांच्या जोड्या वेगळ्या लागतात. बीडीसीला बार तोंडात अडकत असेल तर ते माप क्रँक बाहेर व्ही-ब्लॉकवर ठेवून घ्या.

फट टीडीसी आणि बीडीसी दोन्हीकडे एकाच बाजूला आली तर रॉड वाकलाय किंवा फेस कललाय. टीडीसीला डावीकडे आणि बीडीसीला उजवीकडे आली तर क्रँकपिन शाफ्टला समांतर नाही. म्हणजे दोन फ्लायव्हीलमध्ये पिनचं भोक मध्यापासून वेगवेगळ्या अंतरावर आहे, हे बहुतेक बेजोड फ्लायव्हीलमध्ये होतं. पुढे झुकताना एकीकडे, मागे झुकताना दुसरीकडे असं झालं तर रॉडला पीळ आहे किंवा दोन फ्लायव्हील पिनभोवती एकमेकांच्या मागे-पुढे फिरलेत. यातलं कुठलं ते क्रँक डायलवर घेतल्यावर कळतं. पिळाचं माप लहान दिसतं, कारण रॉड फार झुकत नाही. म्हणून तिथे ०.०३ दिसलं तरी दुर्लक्ष करू नका.

रॉड की फेस हा घोळ सोडवायला क्रँक बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर ठेवायचा आणि स्मॉल एंडच्या बारची शाफ्टशी तुलना करायची. तिथे बार समांतर आला तर रॉड निर्दोष. नवीन रोलर रॉडमध्ये वाक बहुतेक नसतो. वाक येतो तो बसवताना, पिस्टनमधून गजनपिन ठोकून काढल्याने. पिस्टन गरम करा, पिन हाताने निघते.

उगाच_वाचक
वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली. बुलेट नाहीये.

किक_बॅक
क्रँक डायलवर कसा घ्यायचा तेही लिहून टाकतो. सेंटरमध्ये (लेथच्या दोन टोकदार आधारांमध्ये) धरून दोन्ही शाफ्टवर फ्लायव्हीलजवळ गेज लावा. पिन वर असताना दोन्ही गेज चढले तर पिनच्या बाजूला फ्लायव्हील फाकलेत आणि समोर दाबले गेलेत. समोरच्या बाजूला पाचर घालून उघडा. पिन खाली असताना चढले तर पिनच्या समोरची बाजू शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून दाबा.

गार_इंजिन
उलटं आहे. पिन वर असताना दोन्ही गेज चढले तर दाबायचं.

किक_बॅक
दाबून बघा आणि रीडिंग दुप्पट झालं की सांगा.

गार_इंजिन
व्ही-ब्लॉकवर ठेवून गेज शाफ्टच्या टोकाला लावा आणि मग बोला.

लेथवरचा
दोघंही बरोबर आहात, भांडू नका. क्रँक सेंटरमध्ये धरला की शाफ्टची टोकं स्थिर राहतात आणि फ्लायव्हीलकडचा भाग हलतो. फ्लायव्हील पिनकडे फाकले असतील तर शाफ्टची टोकं पिनपासून लांब झुकतात, म्हणजे टोकांच्या हिशोबाने फ्लायव्हीलकडचा भाग पिनच्या दिशेने उचललेला. पिन वर असताना गेज चढतं. व्ही-ब्लॉक मेन बेअरिंगच्या जागी, फ्लायव्हीलजवळ ठेवले की तो भाग स्थिर आणि टोकं हलतात. तोच क्रँक, तोच दोष, रीडिंग उलट. म्हणून क्रँक कशावर ठेवला हे सांगितल्याशिवाय पाचर की शेगडा हे ठरवू नये.

पिनपासून ९० अंशांवर एक गेज चढतं आणि दुसरं उतरतं, तेव्हा फ्लायव्हील पिनभोवती फिरलेत. सेंटरमध्ये असेल तर ज्या बाजूचं गेज चढलं त्या फ्लायव्हीलच्या माथ्यावर, रिमवर, तांब्याच्या हातोड्याने एक नेमका फटका. क्रँक मशिनवर असताना मारू नका, सेंटर आणि गेज दोन्ही जातील. उचलून हातात धरून मारा, परत ठेवून बघा. दोन्ही शाफ्टवर ०.०५ पर्यंत चालतं म्हणतात, पण रोलर बिगएंडला ०.०२५ च्या आत, म्हणजे एक थाऊत (इंचाच्या हजाराव्या भागात) आणा.

आणि आधी शाफ्टच्या टोकांची सेंटरची भोकं बघा. पुलर लावून, ठोकून ती चेपलेली असतात. चेपलेल्या भोकात धरलेला क्रँक कितीही सरळ असला तरी वाकडाच दिसतो.

मेस्त्री_बोलावा
एकूण काय, क्रँक कसा ठेवला यावर क्रँक कसा आहे ते ठरतं. घरोघरी हेच.

सातारी_थंपर
क्रँक उघडलाच आहे तर दोन गोष्टी राहू देऊ नका. पिनमधलं तेलाचं भोक टायमिंग साइडच्या (उजवीकडच्या) फ्लायव्हीलमधल्या भोकासमोर आलंय ना? तेल टायमिंग शाफ्टच्या टोकातून आत जातं, तिथे ऑइल कॅनने तेल दाबा, बिगएंडमधून बाहेर यायला हवं. आलं नाही तर नट कसू नका. दुसरं, टायमिंग शाफ्टच्या टोकाला ऑइल पंप चालवणारा वर्मचा नट उलट्या आट्यांचा आहे. पाना नेहमीसारखा डावीकडे ओढलात तर तो अजून कसेल आणि शेवटी शाफ्टच्या आट्या जातील.

गार_इंजिन
रोलर रॉडचं वजन मूळ रॉडपेक्षा वेगळं असतं, पिस्टनही बदलला असेल. बॅलन्सचं काय?

लेथवरचा
तो वेगळा धागा काढा. बॅलन्स चुकला तर हँडल थरथरतं, आरशात मागची एक गाडी दोन दिसते, पण पिस्टन एका बाजूला कलत नाही.

किक_बॅक
मूळ प्रश्नाकडे. माझा संशय आता वेगळा आहे. तोंड २ मिमीने मोठं केलं ना? ते मध्यावर झालं नसेल तर ब्लॉकच डावीकडे सरकलेला असेल. म्हणून डावीकडे घासतोय.

व्ही_ब्लॉक
नाही. सरकणं आणि कलणं यांत फरक करा, या धाग्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

ब्लॉक अर्धा मिमी डावीकडे सरकला तरी पिस्टन सरळच राहतो. स्मॉल एंडच्या दोन्ही बाजूंना पिस्टनच्या बॉसपर्यंत फट असते, पिस्टन पिनवर तेवढा सरकून बसतो. तपासायचं एवढंच की पूर्ण फिरवताना रॉडचा बुश कुठल्याही बॉसला टेकत नाही. पुढे-मागे सरकला तर रॉडचा कोन एका बाजूला किंचित वाढतो, तेही अर्ध्या मिमीत जाणवत नाही. बुश बॉसला टेकत असेल तर मात्र क्रँकचा एंडफ्लोट (आडवी सरक) बघा. ड्राइव्ह साइडचं (डावीकडचं) बॉल बेअरिंग क्रँकला आडवं धरतं. ते बेअरिंग पूर्ण आत बसलेलं नसेल तर अख्खा क्रँक एका बाजूला राहतो.

कलण्याचं तसं नाही. समजा फेस तोंडाच्या ९० मिमी रुंदीत ०.१ ने कलला आहे. पिस्टन ७५ मिमी लांब धरला तर वरपासून खालपर्यंत तो बोअरशी साधारण ०.०८ ने तिरका उभा राहतो. तुमचा क्लिअरन्सच जवळपास तेवढा आहे. म्हणजे एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली शून्य. तुमची खूण नेमकी हीच.

म्हणून टर्नरला एकच विचारा, कट मारताना केस मशिनवर कशाच्या आधाराने पकडली होती?

दोन_फटके
+१. इंजिन माउंटिंगच्या कानांवर ठेवून पकडली असेल तर झालंच. त्या कानांचा आणि मेन बेअरिंगचा काही संबंध नसतो.

सातारी_थंपर
बार, बुश, सर्फेस प्लेट जवळ नसणाऱ्यांसाठी देशी उपाय. पिस्टनच्या सगळ्या रिंग काढा, ब्लॉक पॅकिंगसकट पूर्ण कसा, हेड लावू नका. क्रँक हाताने फिरवत पिस्टनच्या माथ्याच्या डावीकडे आणि उजवीकडे दोन-तीन थाऊचं पातं घाला. टीडीसीला, मध्यावर आणि जितकं खाली पातं पोचतं तिथे. दोन्हीकडे सारखं पातं जायला हवं. एका बाजूला जातच नसेल तर पिस्टन कललाय. कारण यातून कळत नाही, पण इंजिन बंद करून गाडीवर ठेवायच्या आधी इशारा मिळतो.

उजवा_गिअर
मोजून आलो. आकडे देतो.

सेंटरमध्ये क्रँक: ड्राइव्ह साइड ०.०३, टायमिंग साइड ०.०२. दोन्ही ९० अंशांवर, म्हणजे किंचित पीळ. सेंटरची भोकं आधी साफ केली होती, त्याआधी ड्राइव्ह साइड ०.०९ दाखवत होती.
रॉड: बाहेर व्ही-ब्लॉकवर स्मॉल एंडचा बार १०० मिमीत ०.०२ चा फरक.
केस: नंबर जुळतात. जॉइंटवर पायरी नाही, सरळपट्टीखाली ०.०२ चं पातंही जात नाही.
फेस: उलट्या केसवर बारच्या २०० मिमीत ०.२५ चा फरक, उजवी बाजू कमी. म्हणजे तोंडाच्या ९० मिमी रुंदीत ०.११.

टर्नरला विचारलं. केस खालच्या कानांवर ठेवून पकडली होती.

व्ही_ब्लॉक
सापडलं. जोडलेली केस, दोन्ही भाग कसलेले, बेअरिंगच्या जागी तेच बुश आणि बार. बार मिलिंगच्या टेबलावर दोन सारख्या व्ही-ब्लॉकमध्ये क्लॅम्प करा, केस त्याला लटकू द्या, खाली स्क्रू जॅकने फक्त डुलू नये इतका आधार. गेज बारवरून फिरवून शून्य-शून्य आलं की मगच कट. साधारण ०.१५ मध्ये फेस साफ निघेल. तोंडाचं भोकही कललेलंच मारलं असेल, म्हणून त्याच बैठकीत ते ०.१ ने मोकळं करून घ्या. नाहीतर गळा कडेला अडकून ब्लॉक पुन्हा जुन्याच कोनात बसेल.

गार_इंजिन
०.१५ ने ब्लॉक खाली आला तर कॉम्प्रेशन?

लेथवरचा
७० मिमी बोअरवर ०.१५ म्हणजे ०.६ सीसीसुद्धा नाही. ६.५ चं ६.५५ होईल. पुशरॉड खालून ॲडजस्ट होतात, तिकडेही काळजी नाही. फक्त टॅपेट नव्याने लावा.

किक_बॅक
क्रँकचं ०.०३ काढायचं का?

लेथवरचा
क्रँक बाहेरच आहे, एक हलका फटका आणि ०.०२ वर आणा. नंतर केस बंद करताना बोल्ट एकदम न कसता थोडेथोडे कसा आणि दर खेपेला क्रँक बोटाने फिरवून बघा. जड झाला तर ड्राइव्ह साइडच्या टोकावर मोगरीने टकटक करा. तरी मोकळा झाला नाही तर उघडा, ओढूनताणून बंद करू नका. पिस्टनवरची ती चकाकी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढून तोच पिस्टन चालेल, मात्र रिंगच्या खाचा तिरक्या दबलेल्या नाहीत ना ते नवीन रिंग घालून बघा.

उजवा_गिअर
खाचा ठीक आहेत. केस उद्या मिलिंगला जाते, बार आणि बुश मीच बरोबर देतोय.

मेस्त्री_बोलावा
बार परत घेऊन या. नाहीतर पुढच्या वेळी तो कुणाच्या तरी शटरला कडी म्हणून दिसेल.